भिंगबाईंच्या गळ्यातला पट्टा

मी मानेचा पट्टा बोलतोय. खरं तर आधी वाकून नमस्कार करायला हवा, पण वाकणं माझ्या धर्मात बसत नाही. माझा जन्मच मुळी लोकांना वाकू न देण्यासाठी झालाय. आतून स्पंज, बाहेरून मऊ कापड, पुढे हनुवटी टेकवायला खोलगट जागा आणि मागे एक चिकटपट्टी. ती उघडताना असा चर्रर्र आवाज होतो, की पलीकडच्या खोलीतला माणूस दचकून विचारतो, "काय फाटलं?"

सुरुवातीला मी औषधांच्या दुकानात कमरेचे पट्टे आणि गुडघ्यांच्या टोप्या यांच्यामध्ये टांगलेला होतो. आमच्या कोपऱ्यात हौसेनं कोणी येत नाही. कपड्यांच्या दुकानात माणसं दहा रंग काढायला लावतात. आमच्याकडे नुसतं "आहे का हो?" म्हणतात आणि कण्हत घालून जातात.

भिंगबाई मात्र तशा नव्हत्या. मान लाकडासारखी आखडलेली, तरी त्यांनी मला उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "शिवण वाकडी आहे. दुसरा दाखवा." त्यानं आणखी तीन काढले. तिघांनाही नापास करून त्या परत माझ्याकडे आल्या. "त्यातल्या त्यात हा."

मला तेव्हा अपमान वाटला. पुढे त्यांच्या गळ्यात राहून कळलं, की त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर कोणाच्या वाट्याला आलेलं नाही.

भिंगबाई हे त्यांचं टोपणनाव. त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. आयुष्यभर समोरून शर्ट सरकत यायचे आणि त्यातली चूक शोधायची. चुकलेल्या शर्टाला लाल चिठ्ठी. बरोबर असलेल्याला काहीच नाही, तो नुसता पुढे जायचा. नोकरी संपली, पण नजर कुठे निवृत्त होते? घरी सून होती. तिच्या पोळीच्या कडा, तिची फोनवर बोलायची पट्टी, तिची पडद्यांची निवड, सगळ्यांना लाल चिठ्ठ्या लागत गेल्या. सूनही खमकी. ती म्हणायची, "आई, मला शर्टासारखं एकदा पुढे तरी सरकवा." मुलगा बिचारा भिडस्त. वर्षानुवर्षं तो माझंच काम करत आलाय, दोघींना आपापल्या जागी धरून ठेवायचं.

आता अपघाताचं सांगतो. मी तेव्हा दुकानातच होतो, पण ही हकिगत भिंगबाईंनी येणाऱ्याजाणाऱ्याला इतकी ऐकवली, की मी गाडीतच होतो असं मला वाटायला लागलंय.

सुनेला अँब्युलन्स चालवायची नोकरी लागली होती. तिच्या मनात हे लहानपणापासून होतं म्हणे. परीक्षा झाली, चाचणी झाली, गणवेशही मिळाला. गणवेश बघून भिंगबाई म्हणाल्या, "खांदा उतरलाय." म्हणून दोघी सुनेच्या छोट्या गाडीतून शिंप्याकडे निघाल्या. उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना घरं. एका फाटकातून चेंडू टप्पे घेत रस्त्यात आला. सुनेनं कचकन ब्रेक मारला. चेंडू समोरून निघून गेला, त्याच्यामागे कोणीच आलं नाही, आणि मागून एक गाडी धाडकन येऊन आदळली.

सून खाली उतरली आणि ज्यानं धडक दिली त्यालाच म्हणाली, "सॉरी हो."

भिंगबाई आतून ओरडल्या, "सॉरी कसलं म्हणतेस? त्याला म्हणू दे!"

दवाखान्यात चला म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. "मला काही झालेलं नाही. शिंपी बंद होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या तर मान हलेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कालच का नाही आलात?" असा मी त्यांच्या गळ्यात पडलो.

गळ्याशी मुक्काम असला की एक विद्या आपोआप येते. बोलणं ओठांवर पोचायच्या आधी मला कळतं. शब्द खालून वर येतो, गळ्याची घाटी हलते, आणि एक तर तो बाहेर पडतो, नाहीतर गिळला जातो. भिंगबाईंच्या गळ्यात टोमणा आला की तो थांबायचा नाही, सुळकन बाहेर. पण अधूनमधून दुसरंच काहीतरी वर यायचं. सून सकाळी औषध हातात द्यायची, पाठीमागे उशी सारखी करायची, तेव्हा घाटी एकदा हलायची आणि ते जे काय असेल ते परत खाली जायचं. मला वाटायचं, यांना अपचन आहे.

माणसाला पट्टा लागला की शेजाऱ्यांना कायदा सुचतो. समोरचे काका म्हणाले, "लगेच सही करू नका हो कशावर." खालच्या मावशी म्हणाल्या, "थोडी जरी चूक आपली निघाली तर दमडी मिळत नाही." काका म्हणाले, "छे, मिळते, पण कापून." मुलगा फोनवरून वाचून दाखवायला लागला, "आई, इथे लिहिलंय की फोटो काढून ठेवायचे." गाडीचे फोटो कोणी काढलेच नव्हते. मग त्यानं माझे काढले. पुढून, मागून, बाजूनं. इतका भाव मला कधी मिळाला नव्हता.

शेवटी सगळे वकीलबाईंकडे गेले. त्यांचं ऑफिस चपलांच्या दुकानावर. एकेका खुर्चीवर फायली बसलेल्या. वकीलबाईंनी त्यातल्या दोन उठवल्या, आम्हाला बसवलं आणि उठवलेल्या फायली कुठे ठेवू म्हणून बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. पण बोलायला लागल्यावर मात्र काम चोख.

भिंगबाईंनी विचारलं, "मी काही गाडी चालवत नव्हते. मग मला कसली भरपाई?"

"गाडीत बसलेल्यालाही हक्क असतो, काकू. तुमच्या उपचाराचा खर्च मागच्या गाडीच्या विमा कंपनीनं द्यायचा. चूक त्याची होती हे ठरलं पाहिजे, एवढंच."

"हिनं तिथे सॉरी म्हटलं. म्हणजे संपलंच की!"

"नाही हो. धक्का लागला की माणूस खांबालासुद्धा सॉरी म्हणतो. सॉरी म्हणजे काही कबुली नाही. तरी पुढच्या वेळी म्हणू नका."

"पुढच्या वेळी?" मुलाचा चेहरा पडला.

"कोर्टाची पायरी चढायला लागेल का?"

"बहुतेक नाही. टेबलाशी बसून एका अधिकाऱ्यासमोर सुनावणी होईल. आता माझं एक नीट ऐका. त्या विमा कंपनीचा माणूस येईल. गोड बोलेल. अपघाताबद्दल त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. माझा नंबर द्यायचा."

"मी काय लहान आहे?" भिंगबाई फणकारल्या.

"लहान असतात तर काळजी नव्हती, काकू. लहान मुलं अनोळखी माणसाशी बोलत नाहीत."

तो माणूस आलाच. दुपारची वेळ, घरात भिंगबाई आणि मी दोघंच. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी, तोंडात साखर. कंपनीचं नाव सांगितलं, ओळखपत्र दाखवलं, फोन टेबलावर ठेवून म्हणाला, "रेकॉर्डिंग चालू ठेवतो हं, नियम आहे. चालेल ना?"

"ठेवा की. पण अपघाताबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. वकीलबाईंचा नंबर लिहून घ्या."

मला त्यांचा अभिमान वाटला. त्यानंही मुकाट्यानं नंबर लिहून घेतला. मग घरभर नजर फिरवून म्हणाला, "घर काय सुरेख ठेवलंय! सूनबाईंचा हात दिसतोय."

झालं. गळ्यात असा लोंढा आला की मी हादरलो.

"सूनबाईंचा? अहो, तिला पडद्याला साधी पट्टी घालता येत नाही!" तिथून गाडी स्वयंपाकघरात गेली, तिथून पोळ्यांवर, आणि त्यानं अगदी सहज विचारलं, "गाडी मात्र छान चालवत असतील. नोकरीच आहे ना तशी?"

मी जिवाच्या आकांतानं हनुवटी वर रेटली. तोंड मिटलं तर मिटलं. पण मी पडलो मऊ स्पंजाचा.

"कसली छान! सारखी ब्रेक मारते. उगाचच. रस्त्यात काही नसलं तरी पाय आपला ब्रेकवर. माझं पोट हिंदकळतं नुसतं!"

त्यानं चहा घेतला, पाया पडून गेला. भिंगबाई खुशीत होत्या. अपघाताबद्दल खरोखर एक अक्षर बोलल्या नव्हत्या! त्यानं आवळा देऊन कोहळा नेला, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी एक संत्रं सोललं आणि म्हणाल्या, "आंबट आहे."

काही दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला. मुलानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. विमा कंपनीचं म्हणणं होतं, की रस्ता मोकळा असताना सुनेनं विनाकारण ब्रेक मारला. ती नेहमीच तसं करते, आणि तिची सासूच तसं सांगते.

सुनेनं हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"भरपाईचं सोडा," वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "चूक सूनबाईंच्या नावावर लागेल."

त्याचा अर्थ सुनेला आधीच ठाऊक होता. अँब्युलन्सवाल्यांनी तिला कळवलं होतं, की निकाल लागेपर्यंत किल्ली देता येणार नाही, आणि चूक तिची ठरली तर जागा दुसऱ्याला जाईल. इतके दिवस तिनं हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगितलं.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला खरंच वाटतं का हो, मी विनाकारण ब्रेक मारते?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या सुनेला काय बोलायचं ते भिंगबाईंना तोंडपाठ होतं. हिनं नुसतं विचारलं. माझ्याखालची घाटी वर गेली, खाली आली, परत वर गेली, आणि काहीच बाहेर आलं नाही. सून वाट बघून आत गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना लाज वाटत होती आणि फार भीतीही वाटत होती. माझा स्पंज घामानं भिजला होता, म्हणून मला ठाऊक.

सुनावणीचा दिवस ठरला. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला विचारतील, काकू. जे खरं असेल ते सांगा. पढवलेलं नको." पण खरं चांगलं बोलायचं तर सराव हवा! सून घरात नसली की भिंगबाई आरशासमोर उभ्या राहायच्या. मुलगा अधिकारी व्हायचा.

"तुमची सून गाडी कशी चालवते?"

"बरी."

"आई, बरी नको. चांगली म्हण."

"चांग... बरीच बरी."

"आई!"

"अरे, तोंडात बसत नाही तो शब्द. चांगली म्हटलं की पुढे 'पण' येतंच."

शेवटी मुलानं हात टेकले.

सुनावणीची खोली थंडगार होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, कोणाची तरी विसरलेली छत्री. अधिकारी चष्मा कपाळावर चढवून बसायचे आणि वाचायची वेळ आली की तो टेबलावर शोधायचे. एका बाजूला मागच्या गाडीवाला आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. सून टेबलाच्या टोकाला, गणवेश न घालता, साध्या कपड्यांत.

कंपनीच्या वकिलांनी रेकॉर्डिंग लावलं. "सारखी ब्रेक मारते. उगाचच." स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायला भिंगबाई पहिल्यांदाच बसल्या होत्या. आवाज कसा किरटा लागतो, हेही त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं त्या त्यातही चूक काढतील. पण त्या टेबलाकडेच बघत राहिल्या. दुसरीकडे बघायचं म्हटलं तरी मी होतो.

वकील म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या सुनेनं ब्रेक मारला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

भिंगबाईंनी खरं ते सांगितलं. "मी ओरडले. म्हटलं, 'कशाला मारलास? कोणी नाहीये!'"

आमच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे रस्ता मोकळा होता."

"नव्हता. चेंडू आला होता."

"चेंडूमागे कोणी आलं?"

"नाही."

"मग तुम्ही ओरडलात ते बरोबरच होतं."

"नव्हतं बरोबर," भिंगबाई म्हणाल्या. "चेंडू काही आपल्या पायानं घराबाहेर पडत नाही. त्याच्यामागे कोणीतरी धावत येणार, असं धरूनच चालायचं. मला हे घरी गेल्यावर सुचलं. तिला ब्रेकच्या आधी सुचलं."

अधिकाऱ्यांनी चष्मा शोधून डोळ्यांवर लावला. "बाई, मग या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही खोटं बोललात का?"

"खोटं नाही, साहेब. ती माझी सवय आहे. मी तिच्या चहालाही नावं ठेवते. पाणचट म्हणते. आणि रोज तिच्याच हातचा मागून पिते."

कोणीतरी हसलं. भिंगबाई हसल्या नाहीत. इतके दिवस जे वर येऊन परत खाली जायचं, तेच पुन्हा वर येत होतं. या खेपेला मी श्वास रोखला.

"मुलगा गाडी चालवतो तेव्हा मी मागे बसते, साहेब. डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेत. हिच्या गाडीत मी पुढे बसते. आणि हिच्या शेजारी मला झोप लागते. नवरा गेल्यापासून मला दुसरीकडे कुठे धड झोप लागत नाही. घरीसुद्धा नाही. ती रात्री पाणी प्यायला उठते ना, तर मी जागीच असते, विचारा तिला. पण गाडीत दोन वळणं झाली की माझी मान कलंडते. मला गाडीतलं काही कळत नाही. पण ही आहे म्हटल्यावर मला काही होणार नाही, एवढं कळतं."

"आई, मी इतकी वाईट चालवतो?" मुलगा न राहवून म्हणाला.

"तू गप्प बस," आई म्हणाली.

सून खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. तिला डोळे पुसायचे होते आणि रुमाल सापडत नव्हता. वकीलबाईंनी हाताशी होता तो कागद पुढे केला. तो बहुतेक आमच्याच फायलीतला होता.

मग अधिकाऱ्यांनी मागच्या गाडीवाल्याला विचारलं, "चेंडू तुम्हाला दिसला होता का?" तो म्हणाला, "कुठला चेंडू?" आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या उशिरा लक्षात आलं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं आणि रस्त्यावर डोळे ठेवायचे ही मागच्याची जबाबदारी, असं अधिकाऱ्यांनी लिहिलं. सुनेच्या नावावर काही लागलं नाही, आणि भिंगबाईंच्या उपचाराचा खर्च कंपनीवर पडला.

घरी येताना भिंगबाई पुढे बसल्या. पहिला सिग्नल मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "सिग्नलला जरा आधी थांबलीस तरी चालेल."

सून इतकी हसली, की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता रडली, आणि भिंगबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यासाठी त्यांना अख्खं अंग वळवावं लागलं, कारण मी मध्ये होतो. मला पहिल्यांदाच आपली अडचण वाटली.

डॉक्टरांनी मला सोडवलं, त्याला आता बरेच दिवस झाले. मी खिडकीजवळच्या खुंटीला टांगलेला असतो. इथून घर सगळं दिसतं. लाल चिठ्ठ्या संपलेल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. कालच नव्या डब्याच्या झाकणावरून चांगली जुंपली होती. स्वभावाला औषध नाही आणि पट्टाही नाही.

जाता जाता तुम्हाला एक सांगू? अपघात झाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, फोटो काढा, आणि संत्री घेऊन येणाऱ्यापासून सावध राहा. हे तुम्हाला वकीलही सांगतील. पण मी गळ्याशी राहिलेला. घरच्या माणसाबद्दल काही चांगलं तुमच्या गळ्याशी येत असेल तर ते गिळू नका हो. सुनावणी काही सगळ्यांच्या नशिबी नसते.

सुनेला अँब्युलन्सची किल्ली मिळाली. आता रोज दुपारी भिंगबाई या खिडकीशी भाजी निवडत बसतात. लांबून सायरन ऐकू आला की हातातली भाजी तशीच राहते. अँब्युलन्स वळणावर दिसते, समोरून जाते, आणि त्या मान वळवून वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतात. आत सून असो वा दुसरं कोणी. शहरातली प्रत्येक अँब्युलन्स आता आमच्याच घरची झालीये. खालच्या मावशींना त्या वरून ओरडून सांगतात, "आमची गेली हो! आता त्या पेशंटची काळजी नको."

डॉक्टरांनी बजावलंय, की मान एवढी वळवायची नाही. पण ऐकतंय कोण? म्हणून मी खुंटीवर तयारीतच असतो. यांना माझी पुन्हा गरज पडणार, असं दिसतंय.